कॉलेजात हा विषय हवाच

‘समलिंगी, ट्रान्सजेंडर वगैरे पुण्या-मुंबईचं खूळ, आपल्या सीमाभागातल्या कॉलेजात त्यावर कार्यक्रम कशाला?’ असं एकांनी लिहिलंय. मला हे अजिबात पटत नाही. सौंदत्तीच्या यल्लम्मा डोंगरावर जोगप्पा, म्हणजे पुरुष म्हणून जन्मलेले पण देवीला वाहिलेले आणि बाईच्या वेशात राहणारे, पिढ्यान्‌पिढ्या आहेत. पौर्णिमेच्या यात्रेला बेळगाव, चंदगड, गडहिंग्लजची माणसं त्यांच्या पाया पडतात, परडीत जोगवा घालतात. मग तसंच एखादं पोर वर्गात बाकावर बसलं की टिंगल का? ट्रान्सजेंडर लोककलावंत मंजम्मा जोगती तर कर्नाटक जानपद (लोककला) अकादमीच्या अध्यक्षा झाल्या, २०२१ साली त्यांना पद्मश्री मिळाली. देवापुरता मान पुरत नाही. कर्नाटकानं त्याच वर्षी ट्रान्सजेंडर व्यक्तींना सरकारी नोकरीत १ टक्का आरक्षण दिलं, ते त्यासाठीच.

‘कायदा झाला, आता आणखी काय?’ हा दुसरा मुद्दा. सर्वोच्च न्यायालयाच्या ६ सप्टेंबर २०१८ च्या निकालानं प्रौढांमधले संमतीचे समलिंगी संबंध गुन्हा राहिले नाहीत. वर्गातला छळ त्यानं थांबत नाही. त्यासाठी यूजीसीचा (विद्यापीठ अनुदान आयोगाचा) नियम आहे: २०१६ पासून लैंगिक कल, म्हणजे कुणाबद्दल आकर्षण वाटतं, त्यावरून किंवा ट्रान्सजेंडर म्हणून छळणं, वगळणं हे रॅगिंगच. त्याच यादीत भाषिक ओळखही आहे! भाषेवरून हिणवलं जाणं आपल्याला कुणी समजावून सांगायला नको.

माझी मागणी एवढीच: प्रवेशाच्या वेळी रॅगिंगविरोधी हमीपत्र घेता, तेव्हा ही व्याख्या मराठीत आणि कन्नडमध्ये वाचून दाखवा. आणि तक्रार आली तर मुलाला विचारल्याशिवाय घरी फोन करू नका. आपल्याकडे त्या एका फोननं शिक्षण सुटतं, लग्नाची घाई सुरू होते.