ताप नसतानाही न्यूमोनिया इतका बळावतो का?

प्रश्न
माझ्या ७२ वर्षांच्या आईला चार दिवस खोकला होता, पण ताप जवळजवळ नव्हता. त्यामुळे आम्ही साधी सर्दी समजून काढा आणि वाफ देत राहिलो. पाचव्या दिवशी सकाळी हातात चहाचा कप असताना ती "चहा कुठे आहे?" असे विचारू लागली. रुग्णालयात नेले तेव्हा ऑक्सिजन ८६ होता आणि तिला थेट अतिदक्षता विभागात ठेवावे लागले. आता दोन अँटिबायोटिक आणि शिवाय स्टिरॉइड चालू आहे. जंतुसंसर्गात स्टिरॉइड कसे देतात? आणि हे आम्हाला आधी ओळखता आले असते का?

प्रतिसाद १
मी छातीविकारतज्ज्ञ आहे. उतारवयात न्यूमोनियात ताप येईलच असे नसते. कित्येकदा असंबद्ध बोलणे हेच पहिले लक्षण ठरते. आम्ही 'कर्ब-६५' नावाची मोजणी वापरतो: गोंधळलेली मनःस्थिती, रक्तातील वाढलेला युरिया, मिनिटाला ३० किंवा अधिक श्वास, वरचा रक्तदाब ९० च्या खाली किंवा खालचा ६० पर्यंत उतरलेला, आणि वय ६५ किंवा अधिक, यांना प्रत्येकी एक गुण. तीन गुण झाले की आजार गंभीर मानतात. आपल्या आईंचे दोन गुण त्या चहाच्या वेळीच झाले होते. घरात यंत्र नसले तरी पोटाच्या हालचालीवर नजर ठेवून पूर्ण एक मिनिट श्वास मोजता येतो, आणि ते प्रत्येकाने शिकावे असे मला मनापासून वाटते.

दोन अँटिबायोटिक अशासाठी: सेफ्ट्रिअॅक्सोन हे अँटिबायोटिक न्यूमोकोकस या न्यूमोनियाच्या जंतूवर चालते, पण लिजिओनेला या दुसऱ्या जंतूवर चालत नाही, म्हणून जोडीला अॅझिथ्रोमायसिन देतात. स्टिरॉइड जंतूंसाठी नसून फुप्फुसातील अनावर दाह आवरण्यासाठी असते. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या फ्रान्समधील चाचणीत गंभीर रुग्णांना हायड्रोकॉर्टिसोन लवकर दिल्यावर २८ दिवसांतील मृत्यूंचे प्रमाण ११.९ वरून ६.२ टक्क्यांवर आले. इन्फ्लुएन्झाचे रुग्ण मात्र त्या चाचणीत नव्हते, तेव्हा इन्फ्लुएन्झाची तपासणी झाली आहे का, ते अवश्य विचारा.

प्रतिसाद २
आपल्याकडे बेडक्याची क्षयरोगासाठी तपासणीही करून घ्यावी. लेव्होफ्लॉक्सासिनसारख्या अँटिबायोटिकने क्षयाचे जंतू काही काळ दबतात, रुग्णाला तात्पुरता आराम पडतो आणि निदान लांबते. माझ्या काकांच्या बाबतीत असेच झाले.

प्रश्नकर्ता
दोघांचेही आभार. इन्फ्लुएन्झा नाही, असा अहवाल कालच आला. क्षयाच्या तपासणीबद्दल संध्याकाळच्या फेरीत विचारतो. आज मी स्वतः तिचा श्वास मोजला: मिनिटाला २२.