मदत हवी आहे: नाव, नंबर, शिक्का काहीच नसलेलं सिंगल-ॲक्शन रिव्हॉल्व्हर कुणी घडवलं असेल?

नमस्कार मंडळी,

आम्ही ॲरिझोनात टुसॉनला राहतो. शेजारचे आजोबा जानेवारीत गेले. ते बिस्बीच्या तांब्याच्या खाणीत, दुरुस्तीच्या वर्कशॉपमध्ये मशिनिस्ट होते. १९७५ साली तिथली खाण बंद झाली तेव्हा इकडे आले. माझे वडील कोल्हापूरच्या उद्यमनगरात तीस वर्षं फिटर होते, त्यामुळे आजोबांशी गट्टी जमली ती लेथवरूनच. त्यांच्या शेडमध्ये पाऊल टाकलं की कटिंग ऑइलचा वास यायचा आणि मला आमचं कोल्हापूरचं घर आठवायचं.

परवा आजींनी मला बोलावून एक लाकडी पेटी दाखवली. आत हे रिव्हॉल्व्हर. १९६४ मध्ये त्यांचं लग्न झालं, त्याच्या आधीपासून ते आजोबांकडे होतं, एवढंच त्यांना ठाऊक. "त्याने केलं की कुणाकडून घेतलं, हे मी साठ वर्षांत विचारलंच नाही," असं म्हणाल्या आणि गप्प झाल्या. त्यांना ते नातीला द्यायचं आहे. देताना काय सांगायचं, हे त्यांना कळायला हवंय. म्हणून हा धागा.

वस्तू अशी आहे. सहा गोळ्यांचं सिलिंडर, नळी साडेपाच इंची. घडण कोल्ट कंपनीच्या १८७३ च्या सिंगल ॲक्शन आर्मीसारखी (म्हणजे दर गोळीला हॅमर, काडतुसावर आपटणारा भाग, अंगठ्याने मागे ओढावा लागतो), पण फ्रेमची वरची बाजू सपाट आहे आणि नेम धरायची मागची माशी वेगळी बसवलेली, बाजूला सरकवता येणारी. मूठ मेस्किटच्या लाकडाची (आपल्याकडच्या वेड्या बाभळीच्या कुळातलं झाड, इथल्या वाळवंटात जिकडेतिकडे). कंपनीचं नाव नाही, सिरियल नंबर नाही, काडतुसाचा आकारही लिहिलेला नाही. भिंगाखाली सगळं बघितलं. मुठीच्या पट्टीवर कानशीचे बारीक तिरके ओरखडे आहेत, शेवटचा पॉलिश पेपर न फिरवता सोडलेले. बाकी सगळी जागा आरशासारखी. माझे बाबा मूठ हातात घट्ट बसावी म्हणून असंच सोडायचे.

सिलिंडर रिकामं आहे, हे मी आणि आजींनी दोघींनी तपासलं. रिव्हॉल्व्हर आजींच्याच घरी आहे, मी फक्त व्हर्नियर घेऊन जाते. कुठून सुरुवात करू?

प्रतिसाद १ (ह्यूस्टन)

आधी कायद्याचं सांगतो, म्हणजे आजींना घोर नको. नंबर नसणं आणि नंबर खोडलेला असणं यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. इथे प्रत्येक उत्पादकाने सगळ्या हत्यारांवर नंबर घालायलाच हवा, हा केंद्रीय नियम १९६८ च्या गन कंट्रोल ॲक्टने आला. त्याआधी नंबर नसलेली हत्यारं कायदेशीरपणे बनत होती. स्वतःच्या वापरासाठी घरी बनवलेल्यावर केंद्रीय कायदा आजही नंबर मागत नाही, काही राज्यं मात्र मागतात. नात कॅलिफोर्नियात राहत असेल तर आधी वकिलाला विचारा. नंबर घासून काढलेला असेल तर मात्र ते बाळगणं हाच गुन्हा.

म्हणून आधी हेच बघा. कोल्टचे नंबर तीन जागी असत: फ्रेमच्या पोटाशी ट्रिगर गार्डच्या पुढे, ट्रिगर गार्डवर आणि मुठीच्या मागच्या पट्टीवर. फ्रेमच्या डाव्या अंगाला पेटंटच्या तारखा. तिथे धातू घासला असेल तर पृष्ठभाग किंचित खोलगट होतो आणि जवळच्या स्क्रूच्या भोकाच्या कडा बशीसारख्या उतरतात. स्टीलची पट्टी उभी धरून मागून उजेड पाडा.

(भारतातून वाचणाऱ्यांसाठी: तिकडे परवान्याशिवाय असं काही बनवणं १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली गुन्हा आहे.)

प्रतिसाद २ (पुणे)

ताई, मी संरक्षण कारखान्याच्या टूलरूममधून निवृत्त झालो. रिव्हॉल्व्हरचा मी जाणकार नाही, पण यंत्राची खूण ओळखतो. मुठीचे स्क्रू काढून आत बघा. बाहेरून माणूस पॉलिश करतो, आत कुणी करत नाही, त्यामुळे खरं आत राहतं. ओतीव काम असेल तर कोपऱ्यात वाळूसारखा कण किंवा साच्याच्या जोडाची रेघ सापडेल. पोलादाच्या अखंड पट्ट्यातून कोरून काढलं असेल तर मिलिंग कटरच्या समांतर रेघा दिसतील.

स्क्रूचे आटेही गेजने मोजा. इंचाच्या मापात बसले तर युरोपातला माल जवळजवळ बाद.

धागाकर्ती

खूप आभार. कालची अख्खी दुपार यातच गेली.

पट्टी सगळीकडे सपाट बसते, उजेडाची फट कुठेच नाही. भोकांच्या कडा धारदार. कुणी काही खोडलेलं नाही, हे आता मी छातीवर हात ठेवून सांगते. आजींना सांगितल्यावर त्यांचा चेहराच बदलला, इतके दिवस मनात ती भीती होती म्हणे.

आटे इंचाचे. युरोपातल्या प्रूफ हाउसचा (हत्यार तपासून शिक्का मारणाऱ्या संस्थेचा) शिक्का कुठेही नाही. मुठीच्या आत सपाट पट्टीची स्प्रिंग आहे. ट्रिगर गार्ड आणि मागची पट्टी हे दोन वेगळे तुकडे. काडतुसाला टोचून ते पेटवणारी टोचणी थेट हॅमरलाच बसवलेली. हॅमर सावकाश मागे ओढला की चार वेळा टक आवाज येतो.

आणि एक. हॅमरच्या अंगावर पंचने एक ठिपका, ट्रिगरवर दोन, सिलिंडर अडवणाऱ्या बोल्टवर तीन.

प्रतिसाद ३ (फिनिक्स)

मी इथल्या एका जुन्या गनस्मिथकडे शनिवारी मदतीला जातो, त्यामुळे थोडं बोलू शकतो.

तुम्ही लिहिलंत त्यावरून रुगर कंपनी बाद. त्यांच्या १९५५ पासूनच्या ब्लॅकहॉक रिव्हॉल्व्हरला वेटोळ्याची स्प्रिंग असते, टोचणी फ्रेममध्ये असते आणि मुठीचा सांगाडा अखंड एका तुकड्याचा असतो. लॉस एंजेलिसची ग्रेट वेस्टर्न ही कंपनी पन्नाशीच्या दशकात कोल्टच्या नकला करायची, पण त्यांची टोचणीही बहुधा फ्रेममध्येच. चार टकटक, दोन तुकड्यांची मूठ, हॅमरवरची टोचणी ही सगळी कोल्टची जुनी रचना. पण कोल्टच्या फ्रेमचा माथा असा सपाट नसतो. त्यावर नेम धरायची फक्त एक खाच असते. (कोल्टची टार्गेट मॉडेलं होती, पण ती दुर्मीळ, आणि त्यांवर शिक्के असतातच.)

सपाट माथा आणि हलवता येणारी माशी पाहून मला एल्मर कीथ आठवले. ऑरेगनच्या डर्कीजवळचे हे रँचर. १९२८ मध्ये फिलाडेल्फियाहून हॅरॉल्ड क्रॉफ्ट आपली बदललेली रिव्हॉल्व्हरं घेऊन त्यांच्याकडे गेले. त्यातून कीथ यांचं पाच नंबरचं रिव्हॉल्व्हर जन्मलं आणि १९२९ च्या एप्रिलमध्ये त्यावरचा लेख 'अमेरिकन रायफलमन' मासिकात आला. सपाट माथा, बदललेली माशी, काडतूस .४४ स्पेशल. तो लेख वाचून पुढे किती मशिनिस्टांनी रात्रीचे दिवे जाळले असतील! तुमच्या आजोबांच्या पिढीत हे वेड खूप होतं.

म्हणून काडतूस कोणतं ते आधी ठरवा. एखाद्या चांगल्या गनस्मिथकडून चेंबरचा (सिलिंडरमधल्या काडतुसाच्या घराचा) सेरोसेफ साचा घ्या. हा मिश्रधातू ८८ अंश सेल्सिअसच्या आतच वितळतो. थंड होताना आधी आकसतो, मग फुगतो आणि तासाभराने चेंबरच्या नेमक्या मापावर येतो. तेव्हाच मोजायचं, आधी नाही. नळीतल्या खाचा किती आणि कुठल्या बाजूला वळतात, तेही विचारा. कोल्टच्या डावीकडे वळतात.

आणि कृपा करून कुणी ते उडवून बघू नका. पोलाद कुठलं, त्याला पाणी कसं दिलंय, काहीच माहीत नाही.

धागाकर्ती

आजींना घेऊन गनस्मिथकडे जाऊन आले. मापं: चेंबरचं मागचं तोंड ११.६ मि.मी., पुढचं १०.९५, आणि मधली पायरी मागच्या कडेपासून साधारण २८ मि.मी. आत. नळीत पाच खाचा, उजवीकडे वळणाऱ्या.

प्रतिसाद ३ (फिनिक्स)

.४४ स्पेशलच. त्या काडतुसाची पुंगळी साडेएकोणतीस मि.मी.ची, त्यातली मागची कड दीडेक मि.मी. सिलिंडरच्या बाहेर राहते, म्हणजे २८ बरोबर जुळलं. .४४ मॅग्नम असतं तर पायरी आणखी तीन मि.मी. आत गेली असती. मॅग्नम बाजारात आलं १९५५-५६ ला. त्यानंतर घडवणाऱ्या बहुतेकांनी चेंबर लांबच ठेवलं असतं, म्हणून माझा कौल त्याआधीचा. हा पुरावा नाही, कौल आहे.

पाच खाचा उजवीकडे ही स्मिथ अँड वेसन कंपनीची पद्धत. त्यांची एखादी जुनी .४४ ची नळी बाहेरून लेथवर तासून, नवे आटे पाडून बसवली असावी. नळीवरचं नाव त्या तासण्यातच गेलं असणार.

प्रतिसाद २ (पुणे)

ताई, ते ठिपके जुळणीचे. एकट्याने काम करणारा कारागीर सुटे भाग तेलाच्या डब्यात टाकण्याआधी असे ठिपके मारतो. मोठ्या कारखान्यात नंबर असतात. आजोबांची जुनी हत्यारं अजून शेडमध्ये आहेत का? चेंबर पाडायला रीमर (भोक नेमक्या मापाचं करणारं कापायचं हत्यार) लागतो, आणि हे दोन व्यासांचं पायरीचं माप सरसकट दुकानात मिळणाऱ्या रीमरचं नाही. मशिनिस्ट आपला रीमर सहसा फेकत नाही.

धागाकर्ती

काका, तुमचा प्रतिसाद वाचला आणि तशीच चपला घालून शेजारी गेले.

शेडमधल्या टूलबॉक्सचा सगळ्यात खालचा खण. तेलकट कागदात गुंडाळलेला, हाताने ग्राइंड केलेला रीमर. जाड भाग ११.६, बारीक भाग १०.९५, मधे पायरी. नाव नाही, नंबर नाही. व्हर्नियर धरलेला माझा हात थरथरत होता म्हणून तीनदा मोजलं.

आजींनी तो हातात घेतला. कितीतरी वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "म्हणजे बिस्बीला रात्री उशिरापर्यंत वर्कशॉपमध्ये थांबायचा, ते याच्यासाठी. मला वाटायचं ओव्हरटाइम आहे." (त्या तेव्हा खाणीच्या कॅन्टीनमध्ये कामाला होत्या, लग्न ठरायचं होतं.)

चेंबरं आजोबांनीच पाडली, यात मला शंका उरलेली नाही. नळीचंही पटलं. राहिली फ्रेम. मुठीखाली बघितलं तर एका बाजूला कटरच्या समांतर रेघा आहेत, दुसरीकडे कानशीने सगळं साफ केलंय. साच्याच्या जोडाची रेघ किंवा ओतीव कण कुठेच नाही. फोटो खाली टाकते आहे. अखंड पट्ट्यातून सिलिंडर बसण्याएवढी खिडकी नुसत्या मिलिंग आणि कानशीने कोरायला किती दिवस लागले असतील, याचा अंदाज कुणी देऊ शकेल का? नात पुढच्या महिन्यात येते आहे आणि आजींना तिला तो आकडा सांगायचा आहे.