जादूगारांनी पोरांना जादू शिकवावी का? तुमचे अनुभव सांगा

परवा त्रिमूर्तीनगरात लेकाच्या मित्राचा वाढदिवस होता. केक झाला, समोसे झाले आणि मग जादूगार काका आले. त्यांनी माझ्या लेकाच्या कानामागून नाणं काढलं. घरी येईस्तोवर स्कूटरवर मागून एकच धोशा, "बाबा, ते मला शिकवतील का?" दुसऱ्या दिवशी मी फोन लावला. काका नम्रपणे म्हणाले, "साहेब, सगळ्या पोट्ट्यांना शिकवलं तर पुढच्या वाढदिवसाला मला कोण बोलवन?" आधी हसू आलं. नंतर वाटलं, माणूस बरोबर बोलून राहिला.

तुमच्यापैकी कुणी शिकलं असेल, शिकवलं असेल, नाही म्हटलं असेल, तर लिहा. युक्त्यांची गुपितं तेवढी फोडू नका. माझ्या मोबाइलवर लेकाचा डोळा असतो.

महाल, निवृत्त शिक्षिका

अट मोडतेय, आधीच सांगते. आपल्या नागपुरात १९८२ पासून अंधश्रद्धा निर्मूलनाचं संघटित काम चालू आहे. आमच्या शाळेतही चळवळीतले कार्यकर्ते यायचे. नारळातून करणी काढणं, पाण्याने यज्ञ पेटवणं, लिंबातून रक्त, सगळं करून दाखवायचे आणि लगेच कसं केलं तेही सांगायचे. जादूगार झाकतो, हे उघडतात, एवढाच फरक. आगीचे प्रयोग पोरांच्या हाती द्यायचे नाहीत, असं ते बजावून जात. मग आम्ही लिंबू घेतलं. सुरीच्या पात्याला जास्वंद चोळायची, पातं सुकू द्यायचं आणि लिंबू कापायचं. आंबट रस लागला की फुलाचा रंग लालभडक होतो. सातवीच्या अख्ख्या वर्गाकडून करून घेतलं. दिवसभर शाळेला लिंबाचा वास.

महिनाभराने एक मुलगी गाल सुजवून आली. घरी काकू बाळंतपणानंतर आजारी होती, म्हणून कुणा बाबाला बोलावलं होतं. त्याने लिंबू कापलं, "रक्त" निघालं. पोरगी उठली, परसातून जास्वंद तोडून आणली आणि सगळ्यांदेखत दुसरं लिंबू कापून दाखवलं. बाबा निघून गेला, आणि वडिलांनी हिच्या मुस्काटात मारली. मला म्हणाली, "बाई, तुम्ही कसं करायचं ते शिकवलं. कुणासमोर करायचं नाही ते कुठं सांगितलं?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. २०१३ मध्ये जादूटोणाविरोधी कायदा झाला, त्या दिवशी पेपर वाचताना मला तीच आठवली. तरी मी पुढे दरवर्षी लिंबू कापत राहिले.

मानेवाडा, जादूगार (वाढदिवस, मुंज, गॅदरिंग)

पंचवीस वर्षं झाली शो करून राहिलो, म्हणून थोडं लांबण लावतो.

आमच्या धंद्यात एक सामान आहे. नाव घेत नाही. मुठीत मावते, स्वस्तात मिळते आणि त्यावर अर्धा शो उभा असते. शेजारचा एक पोट्टा फार मागे लागला, तर त्याले ते दिलं अन् तीन दिवसांत शिकवलं. चौथ्या दिवशी त्याने रील टाकली. पुढच्या महिन्यात बेसा रोडवरच्या एका सोसायटीत मी रुमाल काढला, तशी बाराएक पोट्टी एका सुरात ओरडली, "काका, बोटं दाखवा!" दोन हजार ठरले होते, दीड हजार हातावर टेकवले. वरून यजमान म्हणतात, "आमच्या मुलांना आधीच माहीत होतं जी." त्या रात्री बायकोला म्हटलं, आजपासून शिकवणं बंद.

बंद नाही झालं. लंडनच्या मॅजिक सर्कलबद्दल वाचलं. १९०५ ची संस्था, गुपित फोडलं तर सभासदाला बाहेरचा रस्ता दाखवतात. अन् त्यांचाच लहान मुलांसाठी वेगळा क्लब आहे! म्हणजे गुपित सांभाळणारेच पोरांना शिकवतात. मग विचार केला, चुकलं कुठं? मी पोट्ट्याला सामान दिलं, हात दिलाच नाही.

आता कोणी आलं की एक नाणं देतो. दहाचं लहान हातात बसत नाही, म्हणून पाचचं. अंगठ्याखालची गादी आणि करंगळीकडची गादी, या दोघींच्या चिमटीत नाणं धरायचं, बोटं सैल. नवशिक्याचा अंगठा काडीसारखा ताठ होते, तिथंच चोरी पकडल्या जाते. मी सांगतो, आता त्याच हाताने केस विंचर, दार उघड, तर्री पोहे खा. नाणं पडलं नाही पाहिजे आणि आईला दिसलं नाही पाहिजे. पंधरा दिवसांनी ये. दहा जण नाणं घेऊन जातात, दोघं परत येतात. त्या दोघांपासून मी काही लपवत नाही. त्यांनी आजवर रील टाकली नाही. इतकी मेहनत केल्यावर कोणी फुकट सांगत नाही ना भाऊ.

बाकी आठ जणांचे पाच-पाच रुपये बुडतात, ते असो.

प्रतापनगर

मामांनी दादाला जादू शिकवली, मला पेटीत बसायला. गुडघे छातीशी, मान डावीकडे, शिंक आली तर मेलीस. टाळ्या दादाला. मामा, वाचत असाल तर मी अजून रागावलेली आहे.

कळमना, अंगणवाडी मदतनीस

शिकवावं का, असं आम्हाला कोणी विचारलंच नाही. माझे वडील रस्त्यावर खेळ करायचे, इतवारीत, गोळीबार चौकात, आठवडी बाजारात. मी जमुरा, म्हणजे खेळात साथ देणारं पोर. मुलगी असून जमुराच म्हणायचे. सहा वर्षांची होती. मे महिन्यात डांबरावर गोणपाट टाकून झोपवायचे, वरून काळी चादर. वडील गर्दीत फिरून कोणाची वस्तू हातात घेत अन् विचारत, हातात काय आहे? मी चादरीखालून सांगायची, घड्याळ, चष्मा, दहाची नोट. लोकांना वाटे अंगात काही आहे. सगळं प्रश्नात असायचं. "बोल", "जल्दी बोल", "सोच के बोल", प्रत्येकाचं उत्तर वेगळं. अशी साठेक वाक्यं मला बाराखडीच्या आधी पाठ होती. बाराखडी तर मी अकराव्या वर्षी शिकली.

माझ्या मुलाला मी यातलं काही शिकवलं नाही. माझा भाऊ म्हणतो, तू बापाची विद्या बुडवली. असेल बुडवली. पण साहेबांचं पोरगं शिबिरात फी भरून शिकलं तर छंद, माझं शिकलं तर लोक विचारतील, शाळेत का घालत नाही. कधी कधी रात्री कूलरच्या आवाजात मी ती वाक्यं मनातल्या मनात म्हणून पाहते. अजून एकही विसरली नाही.

धंतोली, ऑक्युपेशनल थेरपिस्ट

इंग्लंडमध्ये शरीराची एक बाजू अधू असलेल्या मुलांसाठी जादूची शिबिरं घेतात. जादूला दोन्ही हात लागतात, मग अधू हात आपसूक वापरला जातो. तेच डोक्यात ठेवून मी माझ्या एका नऊ वर्षांच्या पेशंटला रबरबँडची युक्ती शिकवली. डाव्या हाताची बोटं मिटवण्याचा व्यायाम तो दहा वेळा करायला रडायचा. रबरबँड या बोटांवरून त्या बोटांवर उडवायला मिळाल्यावर वॉर्डातल्या प्रत्येक नर्सला, झाडूवाल्या मावशींना आणि लिफ्टमनला त्याने दाखवून झालं. मला स्वतःला धड जमत नव्हतं. एका जादूगारांनी येऊन फुकट शिकवलं, आणि गुपित ठेवायची अटही घातली नाही.

धागाकर्ता

महालच्या बाई, लिंबू आमच्याकडेही कापून झालं. ओटा अजून लाल आहे. कळमन्याच्या ताईंना काय उत्तर द्यावं, मला सुचलेलं नाही. दोनदा लिहिलं आणि पुसलं.

मानेवाड्याच्या काकांचं वाचून लेकाला पाचचं नाणं दिलं. आज अकरावा दिवस. काल रात्री जेवताना ते टण्णकन वरणाच्या वाटीत पडलं. बायकोने काही न बोलता चमच्याने काढलं, बेसिनवर धुतलं, पदराला पुसलं आणि परत त्याच्या तळहातावर ठेवलं.