ऑफिसमध्ये ध्यान करून खरंच काही फरक पडतो का?

अर्धवट_झोप:
आमच्या एचआरने महिन्याभरापासून रोज जेवण झाल्यावर १५ मिनिटं ध्यान सुरू केलंय, मीटिंग रूममधले लाईट बंद करून सगळे बसतात. माझं काय होतं, डोळे मिटले की एकतर पेंग येते नाहीतर राहिलेल्या मेल्स डोक्यात फिरायला लागतात, शेजारचा तर चक्क घोरतो. ज्यांनी हे नेटाने केलंय त्यांनी सांगा, कामात नक्की काय फरक पडला? 'मन प्रसन्न होतं' टाईप उत्तरं नकोत प्लीज.

तिसरी_रिंग:
मेल्स फिरायला लागल्या म्हणजे तुमचं चुकतंय असं नाही हो. मन भरकटलं हे लक्षात येणं आणि परत श्वासावर येणं, व्यायाम तोच आहे. मी कस्टमर सपोर्टला आहे, दोन वर्षं झाली, रोज १० मिनिटं बसते. आधी कुणी फोनवर खेकसलं की माझाही आवाज चढायचा आणि ते डोक्यात घेऊन पुढचे चार कॉल वाया. आता राग येतोच, पण छातीत गरम व्हायला लागलं की तेव्हाच कळतं, अरे आपण चिडतोय, आणि तोंड उघडायच्या आधी जरासा वेळ मिळतो. बाकी फोकस वगैरे वाढला का, तर माहीत नाही बुवा. पेंगेचं म्हणाल तर भरल्या पोटी बसूच नका, आणि डोळे अर्धवट उघडे ठेवून जमिनीकडे बघा.

पुरावा_कुठाय:
फॅड नाही, पण गाजावाजा आहे तेवढंही नाही. २०१४ साली जामा इंटर्नल मेडिसिन या वैद्यकीय नियतकालिकात ४७ चाचण्यांचा एकत्र आढावा आला होता, साधारण साडेतीन हजार लोकांचा. चिंता, नैराश्य आणि दुखणं यात थोडा फायदा दिसला, लक्ष आणि झोप यासाठी मात्र ठोस काही हाती लागलं नाही, आणि व्यायाम किंवा औषधांपेक्षा ध्यान सरस असंही दिसलं नाही. आणि एक, जॉन कबात-झिन यांनी १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या मेडिकल स्कूलमध्ये जो कोर्स सुरू केला, ज्यावरून हे ऑफिसवाले प्रोग्रॅम निघाले, तो ८ आठवड्यांचा, वर घरी रोज पाऊण तासाच्या आसपास सराव. तुमची १५ मिनिटं आणि तीही पेंगत, त्यामुळे एवढ्यात निकाल लावू नका.

शिफ्ट_संपेना:
चौघांचं काम दोघांवर टाकायचं आणि वर म्हणायचं श्वासाकडे लक्ष द्या 😄 डब्ल्यूएचओने २०१९ ला बर्नआउटची (कामाने पार गळून जाणं) व्याख्या केली त्यातही कामाच्या ठिकाणचा न हाताळलेला ताण असंच म्हटलंय, म्हणजे घोळ कामात आहे, माणसाच्या श्वासात नाही. आमच्याकडे तर ध्यानाची हजेरी घेतात, ती चुकू नये म्हणून धावपळ!

तिसरी_रिंग:
@शिफ्ट_संपेना हजेरी घेतात म्हणजे कहर आहे, सक्तीने नाही होत हे. पण मला शांत बसल्यावरच कळलं की त्रास कॉल्सचा नव्हता, रात्री ११ ला येणाऱ्या मेसेजेसचा होता. मग मॅनेजरशी तेवढंच बोलले, आता रात्रीचा ग्रुप म्यूट असतो.

अर्धवट_झोप:
ओके, उद्यापासून जेवणाआधी बसून बघतो, एचआरला पण टाईम बदला म्हणून सांगतो. घोरणाऱ्यावर काही उपाय असेल तर तोही टाका.