परदेशातून आणलेल्या सामानाची ५० हजारांची मर्यादा : वाढवावी की नको?

सांजवात (नोव्हेंबर २०२५; चर्चेतले नियम आणि दर तेव्हाचे. फेब्रुवारी २०२६ मध्ये मर्यादा ७५ हजार झाली आणि दागिन्यांची किमतीची अट गेली.)

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही चौघे सहा दिवस दुबईला जाऊन आलो. मी, नवरा, बारावीतली मुलगी, नववीतला मुलगा. मुलीला फोन घ्यायचा हे वर्षभर ठरलेलं होतं. तो तिथे आपल्या पैशांत १ लाख १२ हजारांना पडला. बाकी खजूर, सुका मेवा, अत्तराच्या दोन बाटल्या, सासूबाईंना घड्याळ, मुलाचे बूट. सगळं मिळून दीड लाखाच्या आत.

परतल्यावर आम्ही स्वतःहून कस्टम्सच्या रेड चॅनेलला, म्हणजे शुल्काचं सामान सांगायच्या रांगेला गेलो, कोणी अडवलं नव्हतं. माणशी ५० हजारांची सवलत, म्हणजे चौघांची दोन लाख, तेव्हा काही भरावं लागणार नाही अशी माझी समजूत. काउंटरवरच्या अधिकाऱ्यांनी शांतपणे समजावलं की एकाची सवलत दुसऱ्याच्या वस्तूला लावता येत नाही. फोन एक, तो एकाच प्रवाशाचा. ५० हजार वजा करून उरले ६२ हजार. त्यावर ३५ टक्के शुल्क आणि शुल्कावर १० टक्के समाजकल्याण अधिभार, म्हणजे ३८.५ टक्के. २३,८७० रुपये कार्डाने भरले. तोच फोन इथल्या दुकानात १ लाख ३५ हजारांच्या आसपास मिळतो. हिशेब तिथल्या तिथेच आला.

त्या अधिकाऱ्यांबद्दल माझी काहीच तक्रार नाही. पण पावती होईपर्यंत वीस मिनिटं उभी होते आणि आमच्याच विमानातले लोक ग्रीन चॅनेलमधून, म्हणजे सांगण्यासारखं काही नाही म्हणणाऱ्यांच्या वाटेने, निघून जात होते. आम्ही फोन घेतला त्याच दुकानाच्या पिशव्या हातात. मुलीने विचारलं, "आई, आपणच का थांबलो?" मी तिला सांगितलं, कारण आपण सांगायचं ठरवलं होतं. उत्तर बरोबरच होतं, पण देताना मला वाईट वाटलं.

आता मूळ मुद्दा. ही मर्यादा २०१२ मध्ये २५ हजारांची ३५ हजार झाली, २०१४ मध्ये ४५ हजार, आणि १ एप्रिल २०१६ पासून ५० हजार. तेव्हा दर दोन वर्षांनी कोणीतरी याकडे बघत होतं. मग नऊ वर्षं काहीच नाही. २०१६ मध्ये डॉलर ६६ रुपयांच्या घरात होता, म्हणजे ५० हजारांत साधारण साडेसातशे डॉलरचं सामान बसायचं. आज डॉलर ८८ च्या वर आहे, तेवढ्यात साडेपाचशेचंच बसतं. मर्यादा कागदावर तीच राहिली, खरी मात्र पावपट घटली.

दागिन्यांचं याहून वाईट. वर्षाहून जास्त परदेशी राहून येणाऱ्या बाईला ४० ग्रॅम आणि पुरुषाला २० ग्रॅम दागिने शुल्काशिवाय आणता येतात, पण किंमत अनुक्रमे एक लाख आणि ५० हजारांच्या आत हवी. नियम केला तेव्हा १० ग्रॅम सोनं ३० हजारांच्या आतबाहेर होतं, त्यामुळे वजन आणि किंमत बरीचशी जुळत होती. आज तोळ्याला सव्वा लाख मोजावे लागतात. एक लाखात एक तोळाही बसत नाही, मग ४० ग्रॅम लिहून काय उपयोग?

माझं म्हणणं : मर्यादा निदान एक लाख करा आणि महागाईला बांधा. कुटुंबाची सवलत एकत्र धरा. दागिन्यांना फक्त वजनाची अट ठेवा.

गाळा नंबर ७

ताई, तुम्ही रेड चॅनेलला गेलात याबद्दल मनापासून आदर आहे. पण मर्यादा वाढवायला माझा ठाम विरोध आहे.

तालुक्याच्या गावी माझं मोबाइलचं दुकान आहे, अठरा वर्षं झाली. दर दिवाळीनंतर आणि मे महिन्यानंतर माझ्याकडे लोक नवा कोरा फोन घेऊन येतात. "दुबईचा आहे, जरा काच लावून द्या." मी काच लावतो, बुडबुडा राहू नये म्हणून कार्डाने कडेपर्यंत हवा काढतो आणि दीडशे रुपये घेतो. त्या सव्वा लाखाच्या वस्तूवर गावातल्या दुकानदाराला मिळालेले पैसे एवढेच. गाळ्याचं भाडं, दोन पोरांचे पगार, वीजबिल सगळं मी भरतो, आणि माझ्या प्रत्येक बिलावर १८ टक्के जीएसटी आहे. तुम्ही तिथल्या ५ टक्के व्हॅटचा बराचसा भाग विमानतळावर परत घेऊ शकता, इथला १८ टक्के तुम्हाला लागतच नाही.

३८.५ टक्के ऐकायला भयंकर वाटतं. पण व्यापारी बाहेरून फोन आणतो तेव्हा १५ टक्के मूळ शुल्क, त्यावर अधिभार, आणि या सगळ्यावर परत १८ टक्के आयजीएसटी, म्हणजे आयातीवरचा जीएसटी. गुणून बघा, ३७ टक्क्यांच्या पुढे जातं. प्रवाशाच्या सामानावर आयजीएसटी नसतो. म्हणजे तुम्हाला आणि व्यापाऱ्याला जवळपास सारखाच बोजा आहे, शिवाय तुम्हाला पहिले ५० हजार माफ.

आणि जगात काय चाललंय तेही बघा. बाहेरून विमानाने युरोपीय संघात येणाऱ्याला ४३० युरो, म्हणजे ४४ हजारांच्या आसपास. ब्रिटनमध्ये ३९० पौंड, तेही पन्नास हजारांच्या खालीच. सिंगापूरला दोन दिवसांहून जास्त बाहेर राहून आलात तर ५०० सिंगापूर डॉलर, ३४ हजार धरा. अमेरिका तेवढी ८०० डॉलर, म्हणजे आपल्याहून जास्त देते. बाकीची एवढी श्रीमंत राष्ट्रं आपल्यापेक्षा कमी देतात, तर आपली मर्यादा जुनाट कशी?

सांजवात

ब्रिटनचं मान्य, पण तिथे मोबाइलवर आयात शुल्क नाही. मर्यादेबाहेर गेलं तर २० टक्के व्हॅट, बस. आपल्याकडे ३८.५.

दुसरं, आज भारतात विकले जाणारे बहुतेक फोन भारतातच जोडले जातात. तमिळनाडूत जोडलेला फोन दुबईत स्वस्त आणि नाशकात महाग असेल, तर माझ्यावर शुल्क लावून नक्की कोणाचं रक्षण होतं? दुकानदाराचं की कंपनीच्या इथल्या किमतीचं?

गाळा नंबर ७

ब्रिटनमध्ये वस्तू मर्यादेबाहेर गेली की पूर्ण किमतीवर कर लागतो, वरच्या रकमेवर नाही. १ लाख १२ हजारांचे २० टक्के म्हणजे २२,४००. तुम्ही भरले २३,८७०. फरक दीड हजाराचा.

कंपनीच्या किमतीबद्दल तुमचं बरोबर आहे, ती आमच्याही डोक्याला तापच आहे. पण त्याचा उपाय कंपनीकडे मागा. ग्राहक मुंबईहूनसुद्धा दुबईला पाठवून द्यायचा, हा उपाय नव्हे.

शारजाकर

सुट्टीच्या खरेदीवर एवढं लिहिलंत, आता आमचंही ऐका. मी रत्नागिरी जिल्ह्यातला, शारजात एसीच्या कामावर चौदा वर्षं. दोन वर्षांनी एकदा घरी येतो. तीस किलोचा खोका असतो, त्यावर मार्करने नाव आणि गाव लिहिलेलं. आत दुधाच्या पावडरीचे डबे, टँग, साबण, बाम, बहिणींना अत्तर, आईला जाड ब्लँकेट. हे दोन वर्षं थोडंथोडं घेऊन खाटेखाली साठवलेलं असतं. सहा दिवस फिरून येणाऱ्याला ५० हजार आणि दोन वर्षं घाम गाळून येणाऱ्यालाही ५० हजार. मर्यादा वाढवायची तर राहण्याच्या मुदतीवर वाढवा. पर्यटकाला वाढवू नका, माझं स्पष्ट मत.

टीव्हीचंही सांगतो. पूर्वी आमच्या वाडीत प्रत्येक घरातला टीव्ही कोणीतरी आखातातून आणलेला. रुपया घसरला आणि २६ ऑगस्ट २०१३ पासून सपाट पडद्याचा टीव्ही सवलतीतून काढला. त्या वर्षी मी थोरल्या भावाला कबूल केलेला टीव्ही नेऊ शकलो नाही. आज टीव्ही गावाकडेच स्वस्तात मिळतो, आता काही वाटत नाही. पण फटका आधी कोणाला बसतो ते लक्षात राहिलं.

चौथा मजला

मी मर्यादा वाढवण्याच्या विरोधात, आणि कारण दुकानदारांचं नाही. परदेशी सहलीला जाणारं घर आधीच बऱ्या परिस्थितीतलं असतं. सरकारने नऊ वर्षांत आधी कोणाकडे बघायला हवं होतं, असं मला विचाराल तर यादीत हे फार खाली येतं. डिझेल भरून टेम्पो चालवणारा रोज कर देतो, त्याला "माझी सवलत" असा शब्दही माहीत नाही.

काउंटरपलीकडे (निवृत्त)

कस्टम्स खात्यात मी तीस वर्षं काढली, त्यातली बरीच विमानतळावर. तीन गोष्टी स्पष्ट करतो.

शारजाकर, तुम्ही मागता ती मुदतीवरची सवलत वेगळ्या नियमात आहे. तिकडचा मुक्काम हलवून परत येणाऱ्याला वापरातल्या आणि घरगुती सामानावर जास्त सूट मिळते : तीन ते सहा महिने राहिलात तर ६० हजार, सहा महिने ते वर्ष एक लाख, वर्षभर राहून आलात तर दोन लाख, दोन वर्षं किंवा जास्त असेल तर पाच लाख. अटी आहेत, टीव्ही-फ्रिजसारख्या वस्तूंना वेगळी यादी आहे. पण रजेवर येऊन परत जाणाऱ्या कामगाराला हे सहसा लागू पडत नाही, आणि तिथे तुमचा मुद्दा खरा आहे.

दुसरं, लॅपटॉप. अठरा वर्षांवरील प्रवाशाला एक लॅपटॉप ५० हजारांच्या वेगळा माफ आहे. हे माहीत नसल्याने लोक घाबरून तो कपड्यांत गुंडाळून आणतात. गुंडाळलेली वस्तू एक्स-रेवर दिसते आणि मग लपवल्याचा प्रश्न येतो. मद्य दोन लिटर, सिगारेटी शंभर, त्यापुढे सवलत नाही. बिलं जवळ ठेवा. बिल नसलं की अधिकाऱ्याला किंमत ठरवावी लागते, आणि ती तुम्हाला पटेलच असं नाही.

तिसरं, मत. मर्यादा वाढवावी या बाजूचा मी आहे. काउंटरवर माणसं मोजकी असतात. पहाटे आखातातली तीन-चार विमानं एकापाठोपाठ उतरतात. त्या वेळी ५५ हजारांचं घड्याळ आणणाऱ्या शिक्षकाच्या पावतीत दोन हजार रुपयांसाठी वीस मिनिटं जातात, आणि पट्ट्यात सोन्याची पेस्ट शिवून आणणारा त्याच वीस मिनिटांत बाहेर पडू शकतो. मर्यादा काळाप्रमाणे असली की आमची नजर जिथे हवी तिथे राहते. दुकानदारांना भीती ज्या मालाची आहे तो सुट्टीवर गेलेल्या कुटुंबाचा नसतो. महिन्यातून चार फेऱ्या मारणाऱ्या खेपवाल्यांचा असतो. त्यांना ५० हजार काय आणि एक लाख काय, तो माल प्रवासी सामान म्हणून धरलाच जात नाही.

गाळा नंबर ७

साहेब, खेपवाल्यांबद्दल सांगितलंत ते शंभर टक्के खरं. तरीही आकडा एक लाख झाला तर घरटी एक महागडा फोन जवळपास करमुक्त येईल. ताईंचंच उदाहरण घ्या. १२ हजारांवर ३८.५ टक्के, फक्त ४,६२०. मग माझ्याकडे कोण येईल? हवं तर मोबाइल टीव्हीसारखा सवलतीतून वगळा आणि बाकी मर्यादा खुशाल वाढवा. कपडे, खेळणी, खाऊ, अत्तर यांना माझी हरकत नाही.

वडाची सावली

फोनवर सगळे बोलताय, मी सोन्यावर येते.

माझी आई गेल्या वर्षी माझ्याकडे बहारीनला तीन महिने राहून परत गेली. हातात पाटल्या, गळ्यात मंगळसूत्र, लग्नातलं. परतताना भारतातल्या एका विमानतळावर तिला बाजूला घेतलं. पाटल्या वजन करायला काढा म्हणाले. चाळीस वर्षांत त्या हातातून निघाल्या नव्हत्या. प्रसाधनगृहात नेऊन साबण लावून काढल्या, मनगट सोललं. बिल दाखवा म्हणाले. गावातल्या सोनाराने १९८४ मध्ये घडवलेल्या पाटल्यांचं बिल कुठून आणणार? शेवटी लग्नातला फोटो भावाने व्हॉट्सअपवर पाठवला, त्यात पाटल्या दिसल्या, मग दोन तासांनी सोडलं. एक पैसा भरावा लागला नाही. पण आई आता बाहेर यायलाच नको म्हणते.

दिल्ली उच्च न्यायालयाने अशा प्रकरणांत सांगितलंय की अंगावरचे वापरातले दागिने हे वैयक्तिक वापराचं सामान आहे, त्यांना आयात केलेल्या सोन्यासारखं वागवता येणार नाही. तरी माझ्या आईवर ही वेळ आली. सांजवात, तुमच्या तीन मागण्यांपैकी दागिन्यांची आधी लावून धरा. फोनचे २३ हजार तुम्ही भरले आणि विषय संपला. हे तसं नाही.

गाळा नंबर ७

यावर कसला वाद? आईच्या पाटल्यांना कोणी हात लावू नये. किंमतीची अट काढावी, वजनाचीच ठेवावी. इथे मी सांजवात ताईंच्या बाजूने.

सांजवात

वडाची सावली, आईंचं वाचून हात थांबला. मान्य, क्रम बदलते. दागिने आधी, मग कामगारांच्या रजेची वाढीव सवलत, मग सर्वसाधारण मर्यादा. मोबाइल वगळायचं मात्र पटत नाही. एका कुटुंबाने एक फोन आणला म्हणून बाजार बुडत नाही, आणि गाळा नंबर ७, हे मी तुमची काचेची गोष्ट वाचूनच म्हणतेय. कुटुंबाची सवलत एकत्र धरायची मागणीही सोडत नाही.

काउंटरपलीकडे, एक विचारायचंय. माझ्या सासूबाई डिसेंबरात नणंदेकडे मस्कतला जाणार आहेत. हातात चार बांगड्या, गळ्यात गोफ. काय करायचं?

काउंटरपलीकडे (निवृत्त)

जातानाच निर्यात प्रमाणपत्र, म्हणजे दागिने इथूनच नेल्याचा कस्टम्सचा कागद घ्या. आधी ओळखीच्या सराफाकडून दागिन्यांचं वजन आणि वर्णन लिहून, शिक्का मारून घ्या. प्रत्येक दागिन्याचा जवळून एक फोटो आणि त्यांनी अंगावर घातलेला एक फोटो, कागदावर छापून. विमानतळावर नेहमीपेक्षा तासभर आधी पोहोचा आणि सामान देण्याआधी निर्गमनाकडच्या कस्टम्सच्या काउंटरवर दागिने दाखवा. ते पडताळून प्रमाणपत्र देतात. मूळ प्रत पासपोर्टसोबत ठेवा, बॅगेत टाकू नका. येताना कोणी विचारण्याआधीच ती पुढे करा. आणि बांगड्या घट्ट असतील तर वजन घरीच सराफाकडून करून घ्या, म्हणजे तिथे काढायची वेळ सहसा येणार नाही.

वडाची सावली

हे आम्हाला कोणी सांगितलंच नव्हतं. आईला आजच फोन करते.