२५० एजंटांच्या कॉल सेंटरसाठी रिपोर्टिंग सर्व्हर किती मोठा घ्यावा?

सर्व्हररूम_हडपसर (प्रश्न)

नमस्कार मंडळी. अॅस्टरिस्कवर (फोनयंत्रणेचं सॉफ्टवेअर) इनबाउंड, म्हणजे ग्राहकांचे कॉल घेणारं, कॉल सेंटर आहे. २५० एजंट, दिवसाला साधारण २०,००० कॉल, सरासरी बोलणं साडेतीन मिनिटं, महिन्याला २६ दिवस काम. सीडीआर (कॉलची नोंद), सीईएल (कॉलमधल्या प्रत्येक घटनेची नोंद) आणि क्यू लॉग (रांगेची नोंद) एकाच मारियाडीबी डेटाबेसमध्ये पडतात, रिपोर्टही तिथूनच निघतात. सकाळी १० वाजता सुपरवायझर मागच्या महिन्याचे आकडे काढायला बसले की कॉल क्यूपर्यंत पोचायला उशीर होतो, कारण डायलप्लॅनमधली (कॉल कुठे पाठवायचा त्या नियमांतली) ग्राहक शोधायची क्वेरीही त्याच डेटाबेसवर जाते. आता रिप्लिका (डेटाबेसची आपोआप अद्ययावत राहणारी प्रत) करून रिपोर्ट वेगळ्या मशीनवर न्यायचे आहेत. १३ महिन्यांचा डेटा हवा. विक्रेत्याने ६४ जीबी रॅम आणि २ टीबी डिस्क सुचवली आहे. हिशोब कसा मांडायचा?

डेटावाला

एजंटांच्या संख्येवरून मशीन ठरवू नका. एका कॉलमागे किती ओळी पडतात ते मोजा. अंदाजासाठी धरूया: क्यू लॉग ५, सीडीआर ३, सीईएल २०, म्हणजे २८. २०,००० कॉलना रोज ५ लाख ६० हजार ओळी. इंडेक्ससकट (शोध जलद करणारी सूची) एका ओळीला ३०० बाइट धरले तर रोजचे १६८ एमबी, महिन्याचे सुमारे ४.४ जीबी, १३ महिन्यांचे ५७ जीबी.

यातला ७० टक्क्यांहून जास्त भाग एकट्या सीईएलचा आहे, आणि सीईएल लागतो तो एखाद्या कॉलचं ट्रान्सफर कुठे बिनसलं हे शोधायला. वर्षापूर्वीचा सीईएल सहसा कोणी उघडत नाही. तो एक महिना ठेवला तर ३ जीबी, बाकीचे १३ महिने १६ जीबी. सगळं मिळून २० जीबीच्या आत. मग ३२ जीबी रॅम पुरते: इनोडीबी बफर पूल (डेटाबेस डेटा ज्यात ठेवतो तो रॅमचा भाग) २२ जीबी करा, म्हणजे पूर्ण डेटा मेमरीत बसतो. हे सेटिंग मुळात १२८ एमबीवर असतं. ते तसंच राहिलं तर ६४ जीबी रॅम घेऊनही उपयोग नाही.

मारियाडीबीत एक क्वेरी एकाच कोअरवर चालते. त्यामुळे कोअर भरमसाट नकोत, वेगवान हवेत. एका वेळी ५-६ रिपोर्ट चालणार असतील तर ८ पुरेत. डिस्क ४८० जीबीच्या दोन एसएसडी, रेड १ मध्ये (दोन्हींवर एकच डेटा). टेबलाची रचना बदलताना त्याची पूर्ण प्रत बनू शकते, मोठं ग्रुप बाय (ओळींचे गट करून आकडे काढणारी क्वेरी) तात्पुरत्या फाइली लिहितं. तेवढी जागा मोकळी हवीच.

रेकॉर्डिंग या मशीनवर अजिबात ठेवू नका. रोज ७०,००० मिनिटं, १६ बिट वेव्हला मिनिटामागे ०.९६ एमबी, म्हणजे दिवसाला ६७ जीबी. विक्रेत्याचे २ टीबी कामाच्या साधारण ३० दिवसांत भरतील.

वॉलबोर्ड_ठाणे

वरचा हिशोब साठवणीचा झाला. भार येतो तो वॉलबोर्डमुळे (भिंतीवर चालू आकडे दाखवणारे स्क्रीन). १२ स्क्रीन, प्रत्येकी १० क्यू, दर ५ सेकंदांनी रिफ्रेश, म्हणजे सेकंदाला २४ क्वेरी, दिवसभर. एकाच प्रोसेसने दर ५ सेकंदांनी आकडे काढून छोट्या टेबलात टाकावेत आणि सगळ्या स्क्रीननी तिथून वाचावेत.

मासिक रिपोर्टसाठी अर्ध्या तासाचं गोषवारा टेबल करा. त्यात सरासरी साठवू नका, बेरजा साठवा: आलेले कॉल, २० सेकंदांत उचललेले, सोडून गेलेले, बोलण्याचे एकूण सेकंद. अर्ध्या तासांच्या टक्केवारींची सरासरी काढली की दिवसाची सर्व्हिस लेव्हल (ठरलेल्या वेळेत उचललेल्या कॉलची टक्केवारी) चुकते: ४ कॉलचा अर्धा तास आणि ६०० कॉलचा अर्धा तास सारखेच धरले जातात.

आणखी दोन खोडी बघून घ्या. क्वेरीत तारखेच्या कॉलमवर डेट फंक्शन लावलं असेल तर मारियाडीबीच्या ११.१ च्या आधीच्या आवृत्त्यांत साधारणपणे इंडेक्स वापरला जात नाही. ‘या वेळेपासून पुढे, त्या वेळेच्या आत’ अशी अट लिहा. दुसरं म्हणजे सर्व्हर यूटीसीवर (जागतिक प्रमाण वेळ) असेल तर गोषवाऱ्यातला दिवस आपल्याकडे पहाटे ५:३० ला बदलतो आणि रात्रपाळीचे कॉल भलत्याच तारखेत जातात.

सर्व्हररूम_हडपसर

कालच्या दिवसाच्या ओळी मोजल्या. सीडीआर अंदाजाप्रमाणे आहे, पण क्यू लॉगमध्ये कॉलमागे १९ ओळी आहेत. बहुतेक रिंगनोआन्सरच्या (फोन वाजला, पण उचलला नाही).

डेटावाला

क्यूची स्ट्रॅटेजी रिंगऑल (सगळे मोकळे फोन एकदम वाजवणारी) असणार. टाइमआउट (फोन वाजण्याचा वेळ) १५ सेकंद आणि रिट्राय (पुढच्या फेरीआधीचा थांबा) ५ सेकंद असेल, तर ८० सेकंद थांबलेल्या कॉलरसाठी ४ फेऱ्या होतात. १० फोन वाजून कोणी उचलला नाही की फेरीला १० ओळी, एकूण ४०. पॉज न करता उठून गेलेल्या एजंटांसाठी ऑटोपॉज (फोन न उचलणाऱ्याला आपोआप पॉज करणारं सेटिंग) चालू करा आणि रिंगऑलऐवजी लीस्टरीसेंट (सर्वांत जास्त वेळ कॉल न मिळालेल्या एजंटाला आधी) लावून पाहा. आधी हे करा, दोन दिवसांनी परत मोजा, मगच ऑर्डर द्या.

रिप्लिका बसवताना बिनलॉगची (रिप्लिका वाचते ती बदलांची नोंद) मुदत ७ दिवस ठेवा. मुदत ठरवलीच नाही तर त्या फाइली मुख्य सर्व्हरची डिस्क भरतात आणि मग कॉलच बंद पडतात. रिप्लिका ७ दिवसांपेक्षा जास्त बंद राहिली तर मात्र नव्याने पूर्ण प्रत घ्यावी लागेल.

जुना डेटा डिलीटने काढू नका. महिन्यावार पार्टिशन (टेबलाचे वेगळे भाग) करा आणि पार्टिशन ड्रॉप करा, काम काही क्षणांत होतं. सीईएलच्या प्रायमरी कीमध्ये (प्रत्येक ओळ ओळखणारे कॉलम) आयडीसोबत वेळेचा कॉलमही घ्यावा लागेल, नाहीतर पार्टिशन होतच नाही.

मुख्य सर्व्हरवर २ महिने आणि रिप्लिकावर १३ महिने ठेवणार असाल, तर मुख्य सर्व्हरवर ड्रॉप चालवण्याआधी त्याच सेशनमध्ये एसक्यूएल_लॉग_बिन (बदल बिनलॉगमध्ये लिहायचे की नाही ते ठरवणारं सेटिंग) शून्य करा. हे राहिलं तर तोच ड्रॉप रिप्लिकावर जाऊन तिथलाही महिना उडवतो. ही ओळ क्रॉनच्या (ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या) स्क्रिप्टमध्येच लिहून टाका, हाताने टाइप करायला ठेवू नका.