महापौरांनी जमून स्थलांतरावर ठराव केले तर नेमकं होतं काय?

उगाच_विचारलं:
व्हिसा कोणाला द्यायचा, कोणाला परत पाठवायचं हे देशाचं सरकार ठरवतं ना? मग हे महापौर सारखे जमून जाहीरनामे कशाला काढतात? २०१८ ला माराकेशला संयुक्त राष्ट्रांचा स्थलांतराचा करार झाला तेव्हाही हजर, त्याच वर्षी स्थलांतरावर काम करणारं महापौरांचं नेटवर्क, मेयर्स मायग्रेशन कौन्सिल, पण काढलं. खोचकपणे नाही विचारत, खरंच कळत नाहीये.

काउंटरपलीकडून:
व्हिसा देशाचा, बरोबर, पण माणूस राहतो कुठल्यातरी गल्लीतच ना. पोराला शाळेत घालायचंय, ताप आलाय, सगळीकडे पहिला प्रश्न, पत्त्याचा पुरावा काय. स्पेनमध्ये पालिकेच्या रहिवासी नोंदवहीत, पाद्रोन म्हणतात तिला, देशात राहायची परवानगी नसलेल्याचंही नाव घालता येतं, कायदाच तसा आहे. पण काउंटर पालिकेचं! हे आणा ते आणा करून दमवायचं ठरवलं तर दमवता येतं, बार्सिलोनात मात्र ठरलेला पत्ता नसला तरी नोंद होते.

शंकासुर:
थांबा, याला दुसरी बाजू आहे. न्यूयॉर्कने २०१५ ला आयडीएनवायसी म्हणून शहराचं ओळखपत्र आणलं, इमिग्रेशन स्टेटस विचारतच नाहीत, छान. पण अर्जासोबतच्या कागदांच्या कॉप्या पालिकेकडे राहायच्या, आणि २०१६ ला ट्रम्प निवडून आल्यावर सगळ्यांच्या पोटात गोळा, उद्या वॉशिंग्टनने त्या मागितल्या तर? मग पुढे कॉप्या ठेवणंच बंद केलं आणि जुन्या नष्ट करायच्या की नाही यावरून कोर्टकचेरी झाली. मदतीसाठी केलेली यादी पकडायलाही चालते, हे आधी कोणाच्या डोक्यात नको यायला?

उगाच_विचारलं:
बरं, शहराचं पटलं. पण नेटवर्क कशाला?

काउंटरपलीकडून:
याच्यासाठीच की. दुसऱ्या शहराने कार्ड काढायच्या आधी न्यूयॉर्कवाल्याला विचारलं तर पहिल्या दिवसापासून कॉप्या ठेवणार नाही. शिवाय पैसा. बाहेरची मदत बहुतेक वेळा केंद्रामार्फत झिरपत येते, या कौन्सिलने २०२१ ला थेट शहरांना द्यायला फंड काढला.

शंकासुर:
सल्ला आणि पैसा मान्य. पण केंद्राशी वाजलं की नेटवर्क कामाला येत नाही. इटलीत २०१८ च्या अध्यादेशाने आश्रय मागणाऱ्यांची रहिवासी नोंद बंद केली, पालेर्मोचे महापौर ओर्लांदो म्हणाले मी हे लागू करणार नाही, केवढा गाजावाजा झाला. पण ती बंदी उठली २०२० ला, आणि ती उठवली घटनात्मक न्यायालयाने.